गुलाबाचं गाव कोणतं?

मुदखेड म्हटलं की बाहेरच्या माणसाला दोन गोष्टी आठवतात. पहिली रेल्वे. नांदेडकडून आलेला रूळ इथे फुटतो. एक फाटा उमरी, धर्माबादवरून निजामाबाद आणि पुढे हैदराबादकडे जातो, दुसरा भोकर, किनवटवरून आदिलाबादकडे. दुसरी गोष्ट फुलं. मुदखेड आणि आसपासच्या गावांत गुलाब, मोगरा, काकडा, गलांडा, शेवंती, झेंडू पिढ्यान्‌पिढ्या पिकतो. पहाटे तोडलेली फुलं उजाडेपर्यंत नांदेडच्या बाजारात असतात, आणि रुळाच्या दुसऱ्या टोकाला हैदराबादेतही पोचतात. तिथून पुढे कोणतं फूल देवळात गेलं, कोणतं दर्ग्याच्या चादरीत गुंफलं गेलं, कोणतं गुरुद्वाऱ्यात आणि कोणतं नवरदेवाच्या सेहऱ्यात, याचा हिशेब कुणी ठेवत नाही. फुलवाल्याला ते विचारायची गरजही पडत नाही.

अलीकडे मात्र प्रत्येक गोष्टीला तिचं गाव विचारायची सवय लागली आहे. शब्दाला, पदार्थाला, पोशाखाला, माणसाला. तू मूळचा कुठला? हा प्रश्न एकदा गुलाबाला विचारून पाहावा म्हणून हा लेख. त्यासाठी आधी पॅरिसच्या दक्षिणेला असलेल्या एका बागेत जावं लागेल.

एका माणसाचा नाद

पॅरिसजवळ लाई नावाचं एक लहान गाव होतं. ज्यूल ग्राव्हरो हा पॅरिसमधल्या 'बॉन मार्शे' या प्रसिद्ध मोठ्या दुकानात पैसा कमावून निवृत्त झालेला गृहस्थ. त्याने 1892 मध्ये इथे जागा घेतली आणि गुलाब जमवायला सुरुवात केली. लोक टपाल तिकिटं जमवतात, तसा हा गुलाब जमवत होता. काही वर्षांत रोपं इतकी झाली की ती नीट लावण्यासाठी 1899 मध्ये त्याने एदुआर आंद्रे या नामवंत उद्यानरचनाकाराला बोलावलं. केवळ गुलाबासाठी आखलेली ही जगातली पहिली बाग मानली जाते. त्याआधी गुलाब इतर फुलझाडांच्या बरोबरीने लावला जाई. फक्त त्याच्यासाठी स्वतंत्र बाग ही कल्पना इथून रुजली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ग्राव्हरोच्या संग्रहात सुमारे 8,000 प्रकार होते. 1914 मध्ये गावाने आपलं नावच बदलून 'लाई-ले-रोझ', म्हणजे गुलाबांचं लाई, असं केलं. ग्राव्हरो 1916 मध्ये वारला. पुढे ही बाग सरकारी मालकीची झाली. आज तिथे सुमारे 3,000 प्रकारचे गुलाब आहेत.

या बागेची खरी थोरवी आकड्यांत मोजता येत नाही. ग्राव्हरोने रोपं रंगानुसार किंवा देखणेपणानुसार लावली नाहीत, तर वंशानुसार लावली. रानगुलाब वेगळे, जुने युरोपीय गुलाब वेगळे, पूर्वेकडून आलेले वेगळे, संकरित वेगळे. नेपोलियनची पत्नी जोसेफिन हिच्या मालमेझोंच्या वाड्यात कोणकोणते गुलाब होते, ते शोधून त्याने पुन्हा जमवले. अत्तराच्या गुलाबाचा अभ्यास करायला तो 1901 मध्ये बाल्कन प्रदेशात फिरला. प्रत्येक रोपाशेजारी नावाची पाटी. थोडक्यात, ही बाग म्हणजे गुलाबाचा सातबारा आहे. त्यामुळे गुलाबाचं मूळ विचारायचं तर ते इथे विचारावं.

सातबाऱ्यावरची नावं

पहिलं नाव युरोपचं स्वतःचं आहे. 'रोझा गॅलिका' हा गुलाब दक्षिण युरोपापासून कॉकेशसपर्यंत रानात आढळतो. याचाच एक प्रकार फ्रान्समधल्या प्रोव्हँ गावात औषधासाठी लावला जाई. पण त्या गावाचीच दंतकथा अशी की, हा गुलाब तेराव्या शतकात शांपान्यचा सरदार थिबो क्रुसेडवरून परतताना पूर्वेकडून घेऊन आला. कथा खरी असो वा नसो, आपल्या सर्वांत फ्रेंच गुलाबाचं माहेरही पूर्वेला आहे असं खुद्द फ्रेंचांना वाटत होतं, हे लक्षात घेण्यासारखं आहे.

दुसरं नाव दमास्कसचं. 'रोझा डमासेना', म्हणजे दमिश्कचा गुलाब. अत्तर, गुलाबपाणी, गुलकंद यांचा हा राजा. 2000 साली जपानी संशोधकांनी याची जनुकीय तपासणी केली, तेव्हा त्याचे तीन पूर्वज निघाले: गॅलिका, कस्तुरीगंधाचा 'मोस्काटा' आणि मध्य आशियातला 'फेडचेंकोआना'. म्हणजे ज्याला आपण गुलाबाचं शुद्ध रूप समजतो, तोच मुळात तीन घराण्यांचा संकर आहे.

तिसरं नाव चीनचं, आणि इथे गोष्ट आपल्या दारापर्यंत येते. युरोपातले जुने गुलाब बहुतांशी वर्षातून एकदाच फुलत. चिनी गुलाब मात्र पुन्हा पुन्हा फुलतो. अठराव्या शतकाच्या अखेरीस हे गुलाब ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून कँटनहून निघाले आणि काही कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात मुक्काम करून युरोपात पोचले. कलकत्त्याहून आले म्हणून फ्रेंच त्यांना 'बंगालचा गुलाब' म्हणू लागले. त्याआधी 1753 मध्ये लिनियसने एका चिनी गुलाबाला 'रोझा इंडिका' असं नाव देऊन ठेवलं होतंच. चीनमध्ये जन्मलेल्या फुलाला हिंदुस्थानचं नाव मिळालं, ते केवळ वाटेतल्या मुक्कामामुळे आणि नाव देणाऱ्याच्या अंदाजामुळे.

चौथं नाव इराणचं. 1867 मध्ये ल्यों शहरातल्या गियो या रोपवाटिकावाल्याने 'ला फ्रान्स' नावाचा गुलाब जगापुढे आणला. आधुनिक गुलाबांच्या वंशाची सुरुवात त्याच्यापासून मोजतात. त्याचं नाव फ्रान्स, पण रक्तात चिनी गुलाब. या आधुनिक गुलाबांत गडद पिवळा रंग नव्हता. त्याच ल्योंच्या पेर्ने-द्युशे याने इराणहून आलेल्या पिवळ्या गुलाबाशी संकर करून 1900 मध्ये 'सोलेई दोर' हा गुलाब आणला, आणि पिवळ्या-केशरी रंगाचा दरवाजा उघडला. आज पुष्पगुच्छात जो पिवळाधमक गुलाब दिसतो, त्याच्या वंशावळीत कुठे ना कुठे इराण आहे.

ही झाली फ्रान्सच्या अभिमानाची बाग. तिच्यातून दमिश्क, कँटन, कलकत्ता आणि इराण वजा केलं, तर पाट्या बऱ्याच राहतील, झाडं थोडी राहतील. फ्रेंचांनी हे लपवलं नाही, पाट्यांवर लिहून ठेवलं.

फुलाचं नाव पाण्यावरून

आता शब्दाकडे येऊ. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, त्यामुळे हा शब्द मला दोन्ही तासांना भेटतो. फार्सीत 'गुल' म्हणजे फूल आणि 'आब' म्हणजे पाणी. 'गुलाब' हे मूळचं फुलाचं नाव नव्हे, ते गुलाबपाण्याचं नाव. इराणात आजही गुलाब म्हटलं की गुलाबपाणीच समजतात. आपल्याकडे बाटली आधी ओळखीची झाली असावी. मग ज्या फुलापासून हे पाणी निघतं त्या फुलालाच आपण गुलाब म्हणू लागलो. आणि पाण्याला वेगळं नाव हवं म्हणून 'गुलाबपाणी' असा शब्द केला. शब्दात 'पाणी' दोनदा आलं, आणि मराठीला ते कधी खटकलं नाही. गुलकंद म्हणजे गुल आणि कंद, कंद म्हणजे खडीसाखर. गुलदस्ता, गुलाबदाणी, अत्तरदाणी हे सगळं त्याच घराण्यातलं. 'अत्तर' अरबी 'इत्र'वरून आलं.

पण गुलाबाला आपल्याकडे आधी नावच नव्हतं, असंही नाही. आयुर्वेदाच्या निघंटूंत 'शतपत्री' आणि 'तरुणी' ही नावं आहेत. हिमालयात रानगुलाबाच्या कितीतरी जाती आहेत. बंगाल-बिहारच्या पाणथळ जागी 'रोझा क्लिनोफायला' नावाचा रानगुलाब वाढतो. उष्ण, दमट मुलखात पाण्यात पाय बुडवून उभा राहणारा असा गुलाब जगात विरळाच. हिंदीत 'सेवती' म्हणजे पांढरा गुलाब. तोच शब्द मराठीत 'शेवंती' होऊन वेगळ्याच फुलाला चिकटला. म्हणजे फूल होतं, नावही होतं. व्यापार फार्सी नावाने झाला म्हणून ते नाव टिकलं.

हा व्यापार किती मोठा होता? इब्न खल्दूनने आपल्या 'मुकद्दिमा'त अब्बासी खलिफांच्या काळातली महसुलाची एक यादी दिली आहे. त्यात इराणच्या फार्स प्रांताच्या नावावर गुलाबपाण्याच्या 30,000 बाटल्या आहेत. सरकारी सारा गुलाबपाण्यात भरला जात होता! सुलतान सलाहुद्दीनने 1187 मध्ये जेरुसलेम घेतलं, तेव्हा तिथली पवित्र वास्तू गुलाबपाण्याने धुतल्याची नोंद इतिहासकारांनी केली आहे. अरबीतला 'जुलाब' पुढे लॅटिनमधून फ्रेंचमध्ये 'झुलेप' झाला, म्हणजे औषध घालून प्यायचं गोड सरबत. मराठीतही औषधाचा 'जुलाब' आहेच. मूळ एकच, पण एका देशात त्याचं सरबत झालं आणि दुसरीकडे पोटाची तक्रार.

दख्खनची खुशबू

मोगलांचं गुलाबप्रेम सर्वांना माहीत आहे. बाबरच्या मुलींची नावंच गुलरंग, गुलचेहरा, गुलबदन. अत्तराचा शोध नूरजहाँने लावला असं आपण ऐकतो, पण जहाँगीरने स्वतःच्या आठवणींत त्याचं श्रेय नूरजहाँच्या आईला, अस्मत बेगमला दिलं आहे. गुलाबपाणी काढताना गरम भांड्यावर जमलेला तेलाचा तवंग तिने गोळा केला. सलीमा सुलतान बेगमने त्याला 'इत्र-ए-जहाँगिरी' नाव दिलं. लेकीच्या प्रसिद्धीत आईचं नाव मागे पडलं.

पण खुशबू दिल्ली-आग्र्याहूनच दख्खनेत आली असं समजायचं कारण नाही. बहमनी काळापासून इराणी विद्वान, सैनिक, व्यापारी समुद्रमार्गे थेट दख्खनेत येत होते. बिदरचा वजीर महमूद गावान हा इराणच्या गिलान प्रांतातला. विजापुरात दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात 'इत्र-ए-नौरस शाही' नावाचा सुगंधशास्त्राचा स्वतंत्र ग्रंथ लिहिला गेला. त्याच विजापुरात नुसरतीने 1657 च्या सुमारास 'गुलशन-ए-इश्क' ही दखनी मसनवी लिहिली. 'गुलशन' म्हणजे बाग, आणि दखनी म्हणजे मराठी-कानडीच्या शेजारी वाढलेली आपली बोली. औरंगाबादचा बीबी का मकबरा सतराव्या शतकातला. त्याची चार भागांची बाग इराणी चारबागेच्या आखणीवर आहे.

फ्रेंच माणूसही आपल्या मुलखाला अनोळखी नाही. फ्रेंच सेनानी बुसी 1751 मध्ये निजाम सलाबतजंगाबरोबर औरंगाबादेत आला. त्याच्या हाताखाली कवायत शिकलेला इब्राहिमखान गारदी पुढे मराठ्यांकडे आला. फेब्रुवारी 1760 मध्ये आपल्या लातूर जिल्ह्यातल्या उदगीरला त्याच्या तोफा निजामावर धडाडल्या, आणि पुढल्या वर्षी पानिपतावर तो मराठ्यांच्या बाजूने लढून मेला. 'गारदी' हा शब्दच फ्रेंच 'गार्द'वरून आलेला. हैदराबादेत निजामाच्या फौजेचा फ्रेंच सेनापती रेमों 1798 मध्ये वारला. त्याला लोक मूसा रहीम म्हणत, मूसा राम म्हणत. त्या नावाचा मूसारामबाग हा भाग आजही हैदराबादेत आहे. एका फ्रेंच माणसाला एकाच शहराने राम आणि रहीम दोन्ही करून ठेवलं.

रियुनियनहून आलेला पाहुणा

आता या गोष्टीतला सर्वांत महत्त्वाचा धागा. हिंदी महासागरात मादागास्करच्या पूर्वेला रियुनियन नावाचं फ्रेंच बेट आहे. त्याचं जुनं नाव इल बूर्बों. तिथे शेताच्या कुंपणाला दोन गुलाब एकत्र लावत: एक दमिश्क घराण्यातला, दुसरा चिनी. 1817 मध्ये तिथे आलेल्या ब्रेओं या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाला अशा कुंपणात एक वेगळंच रोप दिसलं. दोन्ही घराण्यांचा तो नैसर्गिक संकर होता. सुगंध दमिश्कचा आणि पुन्हा पुन्हा फुलण्याचा गुण चीनचा. बेटावरचे लोक त्याला 'रोझ एदुआर' म्हणत. त्याचं बी 1819 मध्ये पॅरिसला गेलं आणि त्यातून बूर्बों गुलाबांचं घराणं उभं राहिलं. लाई-ले-रोझच्या बागेत त्या घराण्याला मानाची जागा आहे.

हाच गुलाब हिंदुस्थानात 'एडवर्ड गुलाब' म्हणून ओळखला जातो. त्याचा पहिला जन्म रियुनियनचा की कलकत्त्याचा, यावर अभ्यासकांत आजही वाद आहे. पण तो आपल्या देशात रुजला, हे नक्की. मध्यम आकाराचं, गुलाबी, भरगच्च पाकळ्यांचं, खऱ्या वासाचं फूल. हारासाठी, सुट्या पाकळ्यांसाठी, गुलकंदासाठी तो देशभर लावला जातो. उत्तरेतला दमिश्की गुलाब चैत्राच्या सुमारास एकदा फुलतो, म्हणून त्याला 'चैती' म्हणतात. एडवर्ड मात्र वर्षभर थोडा थोडा फुलत राहतो. रोज हार ओवणाऱ्या माणसाला असाच गुलाब परवडतो. शिवाय देशाच्या अनेक भागांत देखण्या विलायती गुलाबांची कलमं बांधायला खुंट म्हणून हाच वापरतात. वरचं फूल डौलात मिरवतं आणि खाली जमिनीत पाणी शोधायचं काम एडवर्ड करतो. खुंटाला फुटवा आला तर माळी तो खुडून टाकतो.

तर फ्रान्सच्या बागेत ज्याच्यापुढे पाटी आहे, त्याच घराण्यातला गुलाब आपल्या बाजारात पाटीशिवाय, वजनावर विकला जातो. आणि तो कुणाचा म्हणायचा? आई-बाप चीन आणि दमिश्कचे, जन्म बेटावर, नाव फ्रेंच, पुढे इंग्रजी झालेलं, आणि मुक्काम आपल्या गणपतीच्या हारात आणि उरुसाच्या चादरीत.

आपल्या पाट्या कुठे आहेत?

इथे मला जे सांगायचं आहे, ते अभिमानाचं कमी आणि काळजीचं जास्त आहे.

आपल्या भागात बोलण्यात गुलाबाची दोनच नावं असतात, गावठी आणि कलमी. 'गावठी' या एका शब्दात किती प्रकार दडले आहेत, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. कुणाच्या विहिरीजवळ आजोबांच्या काळचं झुडूप आहे, कुणाच्या परसात काटे कमी आणि वास जास्त असलेलं आहे, कुठल्या मशिदीच्या हौदाजवळ, कुठल्या मठाच्या कुंपणाला जुना गुलाब तग धरून आहे. विहीर बुजते, वाटण्या होतात, प्लॉट पडतात, झुडूप उपटलं जातं. नव्या लागवडीला रोपवाटिकेतून एकसारखी कलमं येतात. तळेगाव-मावळच्या पॉलिहाऊसमधला लांब दांड्याचा गुलाब फेब्रुवारीत परदेशी जातो. तो टिकाऊ आहे, देखणा आहे, त्याच्यावर शेतकऱ्याचं घर चालतं, त्यामुळे त्याच्याशी भांडण नाही. पण त्याला वास जवळपास नाही आणि त्याचा गुलकंद होत नाही. वासाचा गुलाब गेला, तर गुलाबपाणी आणि गुलकंद हे शब्द फक्त शब्दकोशात राहतील.

सुगंधाची किंमतही समजून घ्यायला हवी. एक किलो गुलाबाचं तेल काढायला साधारण साडेतीन ते चार हजार किलो फुलं लागतात. तीही उन्हं चढायच्या आत तोडावी लागतात, कारण उन्हाबरोबर तेल उडून जातं. पहाटे अंधारात बोटांना काटे लावून घेणाऱ्या बाया हे विज्ञान पुस्तकाशिवाय जाणतात. त्यांचं हे ज्ञानही कुठल्या वहीत नाही.

जी गोष्ट लिहून ठेवलेली नसते, तिच्याबद्दल कुणीही काहीही सांगू शकतो. आपल्या भाषेचं, आपल्या सणांचं, आपल्या एकत्र राहण्याचं हेच झालं आहे. नोंद नाही, म्हणून दावा सोपा. गुलाब परका आहे असं उद्या कुणी म्हणालं, किंवा तो फक्त आमचाच आहे असं म्हणालं, तर दोघांनाही उत्तर द्यायला आपल्याकडे कागद हवा. फ्रेंचांकडे तो आहे, कारण एका निवृत्त दुकानदाराने आयुष्याची शेवटची वीस-बावीस वर्षं त्यावर घालवली.

ग्राव्हरोसारखा पैसा आपल्यापाशी नाही. पण वहीला फार पैसे लागत नाहीत. मी माझ्या वर्गातल्या मुलांना एक काम दिलं आहे, आणि इतर शिक्षकांनीही ते द्यावं अशी विनंती आहे. घरातल्या, शेतातल्या, दर्ग्याच्या किंवा देवळाच्या आवारातल्या एका जुन्या गुलाबाची नोंद करायची. गावाचं नाव, झाड कुणी लावलं, किती जुनं, वर्षातून कधी फुलतं, पाकळ्या किती, वास आहे की नाही, घरातले लोक त्याला काय म्हणतात आणि त्याचं फूल कुठे वाहतात. उर्दूच्या मुलांनी उर्दूत लिहावं, मराठीच्या मुलांनी मराठीत. आणि शेवटचा रकाना: या झाडाची फांदी तुम्ही दुसऱ्या कुणाला लावायला दिली का, दिली असेल तर कुणाला.

गुलाबाचा सगळा इतिहास त्या शेवटच्या रकान्यात आहे.